देवळाच्या दारापर्यंतचं पाणी

लोणारचं पाणी खारं आणि आमचं गोडं, एवढ्या एका गोष्टीचा आमच्या गावाला फार तोरा होता. लोणारचं तळं बघायला लांबलांबून साहेब लोक येत. आमच्या तलावाला कुणी विचारत नसे. उंद्रीहून जानेफळकडे निघालं की डाव्या हाताला बाभळींनी भरलेली एक पाळ लागते, तिच्यामागे तो आहे. पाळीला एके ठिकाणी खिंडार पडलं होतं. दुरुस्तीचा अर्ज पूर्वी बुलढाण्यालाच निकालात निघाला असता, पण वऱ्हाड नागपूरला जोडलं गेलं आणि अर्जही नागपूरला गेला तो तिकडेच राहिला, असं वडील म्हणत. तरी वैशाखात, भोवतालच्या विहिरी तळाला गेल्यावरही, आमच्या तलावात काहील तरंगेल एवढं पाणी असायचंच.

काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. तलावाखाली आमचा थोडा ऊस होता. फाल्गुनात गुऱ्हाळ उठलं की काहील उपडी पडून राही. गावात नाव नव्हती, होडी नव्हती. उन्हाळ्यात माहेरी आलेल्या मुलींची होडी म्हणजे ती काहील. कडेला पोतं ओलं करून टाकायचं, नाहीतर हात भाजत. तळ मात्र पाण्यामुळे गार लागे. कितीही घासली तरी तिला गुळाचा वास यायचा, आणि कुठल्याशा सांध्यात राहिलेले मुंगळे आमच्याबरोबर जलप्रवास करून यायचे.

पण काहील गोल असते. तिला पुढची बाजू नाही, मागची नाही. वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते. मी आणि माझ्या मैत्रिणी लहानपणापासून तिच्यात बसायचो आणि काठापासून चार हातांवर फिरून, डोकं गरगरलं की उतरायचो. दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली, तेव्हा ती काहील पहिल्यांदा सरळ गेली.

वहिनीचं माहेर पैनगंगेच्या काठचं. पावसाळ्यात नदीला पूर आला की तिकडची माणसं काहिलीतूनच पलीकडे जात. ती बांबू घेऊन मधोमध उकिडवी बसायची, एका बाजूला रेटा द्यायची आणि लगेच मनगट वळवून दुसऱ्या बाजूला उलटा टेका द्यायची, की काहील मुकाट पुढे. मी किती वेळा करून पाहिलं, जमलं नाही. ती हसायची. म्हणायची, "तुमच्या गावाले पाणी हाय बाई, पण ते हाकाले पैनगंगेचं माणूस लागते."

त्यानंतरच आम्हाला तलाव खऱ्या अर्थाने दिसला. तीन ठिकाणं आमची ठरलेली होती. पूर्वेच्या काठावर चिंचा पाण्यावर वाकलेल्या होत्या, तिथे दुपारी सावलीत काहील फांदीला बांधून पडून राहायचं. दुसरं, सांडव्याजवळचा खडक. तिथे काही नव्हतं, ऊन मरणाचं; पण वहिनीला तोच आवडे. तिथून मेहकरकडून येणारी वाट दूरपर्यंत दिसत असे. ती वाट बघत बसायची आणि मी कुरकुरत.

तिसरं ठिकाण माझं होतं. तलावाच्या मधोमध महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. तलाव बांधला तेव्हा ते बुडालं म्हणतात. वर्षभर त्याचा पत्ता नसतो. चैत्रात शिखराचा दगड वर येतो, त्यावर बगळा बसतो. वैशाखात दार उघडं पडतं. पाणी दारात गुडघाभर उरलं की काहील थेट मंडपात नेता येते. पण हे फार तर आठ दिवस. त्याआधी दार बुडालेलं, आणि त्यानंतर भोवताली नुसता चिखल, त्यात काहीलही जात नाही आणि माणूसही. लग्न झाल्यावर त्या आठ दिवसांत माहेरी असणं माझ्या नशिबी क्वचितच यायचं.

आमच्याकडे सून माहेरी जाते ती मूळ आल्यावर. माहेरचा कुणी माणूस तिला न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्याच्याशिवाय ती आपल्या पायांनी निघाली तर दोन्ही घरांना बोल. आणि मुऱ्हाळी एकदा उंबऱ्याशी आला की त्याने रिकाम्या हातांनी परतायचं नसतं, ते अशुभ. हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतः अकोल्याला सासरी अशीच वाट बघत बसायची. दोन उन्हाळे मला पाठवलंच नव्हतं. तिसऱ्या उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आले, तेव्हा मी अठराची असेन आणि वहिनी विशीची.

त्या वर्षी आखाजीला वहिनीला मूळ आलं नाही. उंद्रीच्या बाजारात तिच्या गावचं कुणी भेटलं होतं, त्याने दादाला सांगितलं की तिची आई अंथरुणाला लागली आहे. वहिनीने आईला, म्हणजे माझ्या आईला, एकदाच विचारलं. आई म्हणाली, "मूळ येऊ दे, मंग जा. मी काय बांधून ठेवलं का तुले?" आई दुष्ट नव्हती. तिला जी रीत माहीत होती ती तिने सांगितली. त्यानंतर वहिनी खडकाकडे जास्तच जाऊ लागली. मला देवळाकडे जायचं असे आणि ती म्हणायची, पाणी अजून उतरलं नाही, चला तिकडं.

मग एके दिवशी दादा सांगत आला की देवळाच्या दारात पाणी गुडघाभर आहे. त्याच दिवशी निरोप आला की मला न्यायला दुसऱ्या दिवशी सासरहून बैलांची दमणी येणार. म्हणजे मला एकच दिवस होता.

सकाळची न्याहारी झाल्यावर मी पुढे जाऊन पाळीवर थांबले. वहिनी भाकरी बांधून मागून येणार होती. काहील काठाला लावलेली. मी पाय पाण्यात सोडून बसले होते, तेवढ्यात मेहकरच्या वाटेने एक म्हातारा आला. पागोटं मळकट, हातात काठी, पायात धूळ घोट्यापर्यंत. तो ओंजळीने पाणी प्याला, त्याने ते तोंडावर मारलं आणि मग विचारलं, मी याच गावची का. मी हो म्हटलं. त्याने आमचंच घर विचारलं, गुऱ्हाळवाल्यांचं. आमची पोर तिथे दिली आहे, मूळ घेऊन आलोय, म्हणाला. मी त्या घरची लेक आहे हे कळल्यावर त्याला बरं वाटलं. पोरीचा चुलत आजा लागतो असं त्याने सांगितलं.

मी त्याच्याकडे बघत होते आणि काहिलीकडे बघत होते. तो घरी गेला की वहिनी त्याच पावली तयारीला लागणार. कोण देवळात जातं मग?

आमच्याकडे बाई चार दिवस बाजूला बसली की कावळा शिवला म्हणतात. त्या चार दिवसांत ती कशाला हात लावत नाही आणि गावाला तर निघतच नाही. ही गोष्ट अशी आहे की ती बाईने सांगितली की पुरुषाने पुढे विचारायचं नसतं. मला हे तेव्हा सुचलं. कुठून सुचलं ते मी आजवर शोधते आहे.

मी म्हटलं, "वहिनीले आजच कावळा शिवला."

म्हाताऱ्याने मान वळवली आणि पाण्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तिची माय त म्हणे, काही बांधत बसू देऊ नको तिले. हाय तशी आन."

माझ्या लक्षात आलं होतं. तिची आई आजारी आहे हे मला माहीत होतं, आणि 'हाय तशी आन' हे कोण कधी म्हणतं तेही कळण्याएवढी मी मोठी होते. मूळ घेऊन निघालेला माणूस वाटेत दुखण्याचं नाव घेत नाही, म्हणून त्याने तेवढंच सांगितलं. माझ्या अज्ञानामुळे झालं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी ऐकलं होतं.

तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला की पण तसं कसं न्यावं, आणि उंबऱ्याशी जाऊन रिकामं कसं फिरावं. जानेफळला त्याची लेक दिली होती. तिच्याकडे राहतो आणि चौथ्या दिवशी येतो, म्हणाला. "सांगजो तिले, माय."

"सांगतो," मी म्हटलं.

तो वळला आणि बाभळींतून जानेफळच्या वाटेला लागला. वहिनी आली तेव्हा त्याची नुसती पाठ दिसत होती, तीही झाडांआडून. तिने कपाळावर हात धरून बघितलं.

"कोण होतं वो बाई?"

"वाटसरू. पाणी प्याले थांबला होता."

आम्ही काहील सोडली. त्या दिवसाइतकी ती सरळ कधी गेली नाही. देवळाच्या दारात वहिनीने बांबू आडवा धरला, वाकली आणि आम्ही दोघी काहिलीसकट आत शिरलो. आत गार होतं. बाहेरच्या उन्हाची पाण्यावरून उठलेली तिरीप छताच्या दगडावर हलत होती. खांबांना शेवाळ, आणि पिंडीवर वीतभर पाणी. मी पाण्यात हात घालून पिंडीला हात लावला. दोन वर्षं मी सासरी भांडी घासताना याच जागेचा विचार केला होता. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

वहिनीने डोक्यातलं फूल काढून पिंडीवर सोडलं. ते बुडालं नाही, तरंगत राहिलं. तिने हात जोडले आणि, आम्ही दोघीच असल्यामुळे असेल, तोंडाने म्हणाली, "देवा, मूळ येऊ दे माझं."

माझ्यापासून ती हातभर अंतरावर होती. तेव्हा सांगता आलं असतं. म्हातारा अजून जानेफळच्या निम्म्या वाटेवरच असेल, दादा बैल जुंपून त्याला गाठू शकला असता. मी भाकरीचं फडकं सोडलं. कांदा फोडला. तिला दिला.

संध्याकाळी सांगू असं मी ठरवलं. पण दमणी एक दिवस आधीच, दिवस मावळायच्या आत दारात आली, घरात धावपळ सुरू झाली, आणि पहाटे निघायचं ठरलं. खरं म्हणजे धावपळ नसती तरी मी सांगितलं नसतं. सांगितलं की मी खोटं बोलले हे उघड होणार होतं. चौथ्या दिवशी तो येणारच आहे, असं मी मनाला समजावत होते. निघताना वहिनीने माझी ओटी भरली. तिच्या हाताला अजून गुळाचा वास होता.

बारा-पंधरा दिवसांनी अकोल्याला कोपरा फाडलेलं कार्ड आलं. तसलं कार्ड हातात घेतानाच कळतं. दादाने दोन ओळी लिहिल्या होत्या, की वहिनीची आई वारली, ते सांगायला तिकडून माणूस आला, आणि वहिनी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तारखा मोजल्या. मरणाची तारीख मी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. म्हातारा तेव्हा जानेफळला लेकीच्या ओसरीवर चौथ्या दिवसाची वाट बघत बसला असणार.

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले. वहिनी दारात आली, पाणी दिलं, पाया पडली. वेगळं काही दिसलं नाही. दुपारी आई आणि मी डाळ निवडत बसलो होतो आणि वहिनी आत कणीक मळत होती. आईने वर्षभराचं साठवलेलं सांगायला सुरुवात केली. वहिनीच्या आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दुपार टळली. वहिनीच्या भावाने हात जोडून सगळं कबूल केलं, गाय सांभाळतो म्हणाला, धाकटीचं लग्न करतो म्हणाला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली येईनात. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"आणि कारण काय, त ऐक," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला, पण आत जाईल एवढाच खाली. दहाव्याला गेलेल्यांकडून आईला कळलं, की मूळ आधीच आलं होतं. त्या म्हाताऱ्याला पाळीवर कुणी पोरीने सांगितलं की हिला कावळा शिवला म्हणून तो परत गेला. वहिनी तिकडून आल्यावर आईने तिला विचारलं, खरं का हे? तर ती हो म्हणाली. "म्हंजे पाह्य. हिले कावळा शिवला होता, अन् मले सांगितलं नाही. चार दिस तशीच चुलीपाशी वावरली. पाण्याले हात, देवाले हात. मंग मायचा कावळा कसा शिवन?"

डाळीतले खडे मला दिसेनात.

ती त्या चार दिवसांत बाजूला बसलेलीच नव्हती. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. तिने एवढंच म्हटलं असतं, की नाही सासूबाई, मी बसली नव्हती, कुणीतरी खोटं बोललं, तर ते कुणीतरी कोण हे आईला लगेच कळलं असतं. पाळीवर त्या सकाळी आमच्या घरची एकच पोरगी होती. ती हो म्हणाली, आणि माझ्या खोट्याचा विटाळ तिने स्वतःला लावून घेतला. आईने तिला त्या पापासाठी ऋषिपंचमी धरायला लावली. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, परसात हाताने पिकवलेलं तेवढंच. सात वर्षं धरायचं ते व्रत तिने सोडलंच नाही.

तिला वाचवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. आई माझीच होती. रागावली असती, दोन दिवस बोलली नसती. मी डाळ पाखडायला घेतली.

संध्याकाळी दादा म्हणाला की देवळाच्या दारात पाणी गुडघ्यावर आलंय. मी स्वयंपाकघरात गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. कदाचित पाण्यावर गेलो की बोलता येईल असं वाटलं असेल. मी म्हटलं, "वहिनी, उद्या देवळात जाऊ?"

तिने परातीतून हात काढले. माझ्याकडे सरळ बघितलं.

"मले कावळा शिवला," ती म्हणाली.

आणि ती अर्धी कणीक तशीच टाकून मागच्या गोठ्याजवळच्या पडवीत जाऊन घोंगडीवर बसली. चार दिवस. मला माहीत होतं की तिला काही झालेलं नाही. आठच दिवसांपूर्वी तिने डोक्यावरून पाणी घेतलेलं आईनेच सांगितलं होतं. आई कुरकुरली की हिचं कसं काय लवकर. मी तिला लांबून ताट सरकवायची.

पुढचे सगळे उन्हाळे असेच गेले. देवळाचं दार उघडं पडलं की ती पडवीत बसायची. मी गेलेली असो वा नसो. मी नसताना पण बसते हे मला आईच्या कार्डांवरून कळे. पोटुशी असतानाही एकदा बसली, तेव्हा आई घाबरली आणि वैद्य बोलावला. काहील परत कुणी तलावात लोटली नाही. ऊस मोडला, ती गोठ्यापुढे पालथी पडली, मग उताणी करून तिच्यात गुरांचं पाणी भरू लागले.

मी कधी काही बोलले नाही. मला पाच मुलं झाली, दोन राहिली. आई गेली. तिच्या पिंडाला कावळा चटकन शिवला आणि मी मान खाली घातली. चौकशी केली तेव्हा कळलं की तो म्हातारा पाळीवर भेटला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारला होता.

यंदा वैशाखात गेले. मी पन्नाशीला टेकले, वहिनीने ती ओलांडली. आता आम्हा दोघींनाही कावळा शिवत नाही. घरात सून आहे, तिचं राज्य आहे, ती असलं फारसं मानतही नाही. तरी मी पोचले तेव्हा वहिनी पडवीतच होती. सून हसून म्हणाली, आत्याबाई, सासूबाईंचं दरवर्षीचं असतं हे, आम्ही काही म्हणत नाही.

मी पडवीत गेले आणि घोंगडीच्या काठावर बसले.

"शिवू नका बाई," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. हाड आणि कातडं, आणि मनगट अजून घट्ट, बांबू फिरवणारं. मी म्हटलं, पाळीवर मी होते. ती म्हणाली, माहीत हाय. मी म्हटलं, मी मुद्दाम बोलले, देवळात जायचं होतं म्हणून. ती म्हणाली, तेबी माहीत हाय. त्या दिवशी पिंडीवर फूल सोडताना तुमचं तोंड पाह्यलं होतं. तवा समजलं नाही, मायच्या दारात म्हाताऱ्यानं सांगितलं तवा समजलं.

गोठ्यापुढे गाय काहिलीत पाणी पीत होती, तो आवाज येत होता. शेवटी तिने विचारलं, आणि तिचा आवाज एकदम विशीतल्यासारखा झाला.

"निरोप काय होता वो? म्हाताऱ्याले लाज वाटली, त्यानं पुरतं सांगितलंच नाही मले. मायनं काही म्हटलं होतं का?"

तीस वर्षं ती एवढं विचारायची थांबली होती, आणि तीस वर्षं तो निरोप माझ्यापाशी पडून होता.

"काही बांधत बसू देऊ नको तिले," मी म्हटलं. "हाय तशी आन."

"हाय तशी," ती म्हणाली.

पुन्हा एकदा म्हणाली, आवाज न करता, नुसते ओठ हलले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. रागाने नाही, चुलीवरचं भांडं उतरवून ठेवावं तसा.

"जा आता, आंघोळ करून घ्या. शिवल्या तुम्ही मले. माझे अजून दोन दिस हायेत."

मी पाळीवर आले. देवळाचं दार उघडं होतं आणि दारात गुडघाभर पाणी होतं, दुरूनही दिसत होतं. मी काठावर बसले, पाय पाण्यात सोडले. मेहकरच्या वाटेने कुणी येत नव्हतं. दिवस कलला तशी उठले आणि आंघोळ न करताच घरी आले, पडवीत गेले, आणि तिच्या घोंगडीला लागून खाली बसले. सुनेने दोन ताटं लांबून सरकवली.